पंचम जॉर्ज यांचा खोकला

मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया ज्यांच्या आगमनाची आठवण म्हणून उभं राहिलं, ते ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्ज 2 डिसेंबर 1911 रोजी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा 46 वर्षांचे होते. कमान अर्थातच नंतरची. त्या दिवशी तिथे पुठ्ठ्याची सजावट होती. बाराव्या वर्षी नौदलात गेलेला हा माणूस शिस्तीचा, घड्याळाच्या काट्यावर चालणारा. सिगारेटपुढे मात्र ती शिस्त चालली नाही. धूम्रपानाचा शौक घरातलाच होता. वडील सातवे एडवर्ड 1910 मध्ये ब्राँकायटिसच्या आजारपणात गेले होते.

निरोगी श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात. धूळ, जंतू अडकलेला कफ ते सतत वर ढकलतात. सिगारेटचा धूर या पेशींना लागला, की त्यांच्यातलं ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन जागं होतं आणि दाहाची जनुकं चालू करतं. पेशी इंटरल्यूकिन-8 सोडतात. ही जणू मदतीची हाक. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, पण मारायला जंतू नसतोच! त्यांची विकरं फुप्फुसाचीच ऊती कुरतडतात. कफ वाढतो, केस थकतात, आणि पुढे खराखुरा जंतू आला तर तो मुक्काम ठोकतो.

राजाचं पुढचं आयुष्य बरंचसं असंच गेलं. 1925 मध्ये ब्राँकायटिसनंतर डॉक्टरांनी त्यांना भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठवलं. परदेशी जायचा त्यांना कंटाळा, तरी गेले. 1928 च्या नोव्हेंबरात उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पू झाला, विष रक्तात भिनलं. अँटिबायोटिक्स हाताशी नव्हती. शस्त्रक्रियेने ते कसेबसे वाचले. मग पुन्हा समुद्राची हवा, या वेळी बॉग्नरची. हवा बदलून पाहणं डॉक्टरांना सुचत होतं. पेशीच्या आत काय घडतं, हे कळायला मात्र अवकाश होता. एनएफ-कप्पा-बी सापडलं 1986 मध्ये.

अखेरच्या वर्षात त्यांना अधूनमधून ऑक्सिजन लागे. 15 जानेवारी 1936 ला सर्दीचं निमित्त होऊन सँड्रिंगहॅमला अंथरूण धरलं आणि 20 तारखेच्या रात्री ते गेले. शेवट लवकर यावा म्हणून डॉक्टर डॉसन यांनी मॉर्फिन आणि कोकेन टोचलं होतं, हे 50 वर्षांनी त्यांच्याच टिपणांतून उघड झालं.

दुसरे पुत्र सहावे जॉर्ज हेही सिगारेट ओढत. सप्टेंबर 1951 मध्ये कर्करोगामुळे त्यांचं डावं फुप्फुस काढावं लागलं.