अंगणवाडीच्या ताईंना घडवणाऱ्या ताराबाई

बालाघाट असो की गोंदिया, अंगणवाडी गावोगावी आहे. पण ताईला कोण शिकवणार? ताराबाई मोडकांनी हेच काम आयुष्यभर केलं.

जन्म १८९२, मुंबई. १९१४ ला पदवीधर. लग्नानंतर अमरावतीत राहिल्या. (तेव्हा आपलं बालाघाट अन् अमरावती एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं बरं का!) संसार मोडला, तशा त्या नोकरीसाठी राजकोटला गेल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालमंदिर आणि शिक्षिकांचं ट्रेनिंग सांभाळलं.

१९४५ मध्ये त्या गुजरातच्या सीमेलगत बोर्डीला आल्या. गरीब वस्तीतली पोरं शाळेत येईनात. मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया हीच खेळणी. नव्या सेविकाही वर्गात वही घेऊन नाही, तर वस्तीत पोरांमध्ये बसून शिकल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये चाललं.

१९६२ ला पद्मभूषण मिळालं. १९७३ ला ताराबाई गेल्या. सरकारी अंगणवाडी योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, ती काही त्यांना पाहता आली नाही. अनुताई मात्र १९९२ पर्यंत कोसबाडलाच सेविका घडवत राहिल्या.