माशांनी दिलेली साक्ष

घरात माशी शिरली की आपला हात आधी फडक्याकडे जातो. पण हीच माशी खुनी शोधून देते, ही गोष्ट सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी एका चिनी न्यायाधिकाऱ्याने लिहून ठेवली. आपल्या देवगिरीवर तेव्हा यादवांचं राज्य होतं. त्यांचं नाव सुंग त्सू. बीएला इतिहास घेऊनही हे नाव मला कधी भेटलं नव्हतं. बायकांच्या प्रश्नांवर काम करताना पंचनामा, शवविच्छेदन हे शब्द रोजचे झाले, तेव्हा कुठे त्यांची ओळख झाली.

सुंग त्सू यांचा जन्म ११८६ सालचा, फूच्येन प्रांतातला. वडील सरकारी अधिकारी. १२१७ मध्ये ते राज्याची मोठी परीक्षा पास झाले, पण वडील वारल्यामुळे नोकरी लांबली. प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा चाळिशी आली होती. दुष्काळात त्यांनी श्रीमंतांची कोठारं गरिबांसाठी उघडायला लावली. पुढे क्वांगतुंगला न्यायाधिकारी असताना आठ महिन्यांत दोनशेहून जास्त कैद्यांची रखडलेली प्रकरणं निकाली काढली.

मृतदेहाच्या दुर्गंधीमुळे साहेब लांब बसायचे आणि हाताखालचे लोक सांगतील तेच कागदावर उतरायचं, याची त्यांना चीड होती. म्हणून १२४७ मध्ये त्यांनी तपासाचं पुस्तकच लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ, अन्याय धुऊन काढणं!

त्यातलीच ती माशांची गोष्ट. रस्त्याच्या कडेला एकाचा खून झालेला. अंगावर विळ्याचे वार, पण चीजवस्तू जागच्या जागी. म्हणजे चोरी नव्हे, वैर. अधिकाऱ्याने मृताच्या बायकोला विचारलं. तिने सांगितलं, एकाला उसने पैसे दिले नाहीत म्हणून तो धमकावून गेला होता. मग आसपासच्या सगळ्या घरांतले सत्तर-ऐंशी विळे मागवून जमिनीवर मांडले. कडक उन्हाळा होता. माशा एकाच विळ्यावर घोंगावू लागल्या. विळा धुतला तरी रक्ताचा वास त्यांना लागलाच होता. विळा त्या धमकावणाऱ्याचाच निघाला, आणि त्याने गुन्हा कबूल केला.

मला मात्र त्या पुस्तकातलं बायकांविषयीचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. बाईचा मृतदेह तपासताना लाजून टाळाटाळ करू नये, असं ते बजावतात. गरज पडली तर सुईणीची मदत घ्या म्हणतात. श्रीमंताघरची मोलकरीण मेली असेल तर तिचा देह बाहेर हमरस्त्यावर आणून सगळ्यांसमक्ष तपासा, म्हणजे संशयाला जागा नको. जळून मेलेल्याच्या तोंडा-नाकात काजळी आहे का पाहा, कारण जिवंतपणी जळलेला माणूस धूर ओढतो. आजही डॉक्टर श्वासनलिकेत काजळी शोधतात ते याचसाठी. स्टोव्हचा भडका उडाला, असं सांगून किती सुनांच्या फायली बंद झाल्या, ते आठवलं की अंगावर काटा येतो.

१२४९ मध्ये सुंग त्सू वारले. पुस्तक मात्र चीनमध्ये पुढे कित्येक शतकं वापरात राहिलं. आज माशांचं शास्त्रही खूप पुढे गेलंय. माशी मृतदेहावर अंडी घालते, अंड्यातून अळी, अळीचा कोष. उन्हात हे भराभर होतं, थंडीत सावकाश. अळीचं वय आणि हवामान यांची सांगड घालून मृत्यूला किती दिवस झाले याचा अंदाज तज्ज्ञ बांधतात. हे न्यायसहायक विज्ञान शिकवणारी शासकीय संस्था आपल्या शहरातही आहे.

पण देहच उरला नाही, तर माशी तरी काय सांगणार? म्हणून एक लक्षात ठेवा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा मृत्यू झाला आणि तिच्या नातेवाइकाने मागणी केली, तर पोलिसांनी देह शवविच्छेदनासाठी पाठवायला हवा. ही तरतूद जुन्या कायद्यात होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. लोक काय म्हणतील म्हणून अंत्यसंस्कार घाईने उरकू देऊ नका. लेक गेली तरी तिचं म्हणणं अजून ऐकायचं बाकी असतं.