हेर्मान फ्योटिंगर

हेर्मान फ्योटिंगर (९ फेब्रुवारी १८७७, न्यूर्नबर्ग – २८ एप्रिल १९४५, बर्लिन) हे जर्मन अभियंते व प्राध्यापक होते. यंत्राची शक्ती तेलासारख्या द्रवामार्फत पुढे पोचविणारे द्रव-युग्मक व टॉर्क कन्व्हर्टर ही साधने त्यांच्या संशोधनातून निर्माण झाली. स्वयंचलित गिअरच्या जुन्या मोटारींतील घसरण, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘स्लिप’, नीट समजण्यासाठी त्यांचे कार्य माहीत असणे आवश्यक ठरते.

== जीवन ==

म्युनिक येथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये श्टेटीन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. वाफेचे टर्बाइन अतिशय वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा संथ फिरला तरच परिणामकारक ठरतो. एवढी प्रचंड शक्ती पेलणारी दंतचक्रे त्या काळी बनविणे कठीण होते. फ्योटिंगर यांनी पंप व टर्बाइन एकाच कवचात आणून हा प्रश्न सोडविला आणि १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ही यंत्रणा बसविलेले ‘क्योनिगिन लुईझ’ हे प्रवासी जहाज १९१३ मध्ये तयार झाले. पुढच्याच वर्षी, महायुद्धाच्या आरंभी, सुरुंग पेरताना ते बुडविले गेले. दंतचक्रे सुधारल्यावर जहाजांवर या यंत्रणेची गरज उरली नाही.

१९०९ पासून डान्झिग येथे व १९२४ पासून बर्लिन येथे ते प्राध्यापक होते. बर्लिनमधील अखेरच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला.

== मोटारींतील उपयोग व घसरण ==

१९३० मध्ये ब्रिटनच्या डेमलर कंपनीने, तर १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने द्रव-युग्मक वापरले. त्यात पात्यांच्या दोन वाट्या समोरासमोर असतात, पण त्या एकमेकींना स्पर्श करीत नाहीत. दोन्ही अगदी सारख्या वेगाने फिरल्या तर तेलाचे अभिसरण थांबेल आणि शक्ती पोचणार नाही. त्यामुळे स्थिर वेगातही दोन-तीन टक्के घसरण राहतेच. तिला बिघाड समजून गिअरबॉक्स उघडणे ही चूकच होय.

इंजिनाचा वेग वाढतो, परंतु गाडी त्या प्रमाणात पळत नाही, हे खऱ्या बिघाडाचे लक्षण. अशा वेळी प्रथम तेल पाहावे. ते काळपट व जळकट वासाचे असल्यास क्लचची किंवा पट्ट्याची अस्तरे जळालेली असण्याची शक्यता अधिक. एकाच गिअरमध्ये घसरण असेल तर त्या गिअरचा पट्टा वा क्लच तपासावा. सर्वच गिअरमध्ये असेल तर तेलाची पातळी व पंपाचा दाब. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत कन्व्हर्टरमधील तेल खालच्या तबकात उतरते. इंजिन सुरू केल्यावर गाडी काही क्षण जागची हलत नाही आणि कन्व्हर्टर भरताच चालू लागते. बंद इंजिनावर मोजलेली पातळी अशा गाडीत फसवी, प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते.