चीनचा विद्यार्थी, नालंदाचा आचार्य : भिक्खू ह्युएनत्संग

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत दरवर्षी कुणा ना कुणा थोर पुरुषाचं चरित्र छापलं जातं. यंदा ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांचं नाव शाळेच्या इतिहासात एका ओळीत येऊन जातं. हर्षवर्धनाच्या काळात ह्युएनत्संग नावाचा चिनी प्रवासी भारतात आला, एवढं पाठ करून पोरं दोन मार्क मिळवतात. पण हा माणूस प्रवासी नव्हता, विद्यार्थी होता. शिकण्यासाठी तो जीवावर उदार होऊन आला आणि शिकलेलं सगळं आपल्या देशाला देऊन गेला. आज सरकारं करार करतात, शिष्यवृत्त्या देतात, एका देशाचे विद्यार्थी दुसऱ्या देशात जातात. हे काम तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी चीन आणि भारत या दोन देशांत कसं चालत होतं, ते या एका चरित्रातून समजतं.

ह्युएनत्संग यांचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास चीनमधील लोयांग शहराजवळ झाला. घराणं चेन. चार भावांत हे धाकटे. वडील शिकलेले गृहस्थ, पण ते लवकर वारले. थोरला एक भाऊ भिक्खू झालेला होता. त्याच्या मागोमाग हा मुलगा विहारात गेला आणि तिथेच त्याला वाचनाची गोडी लागली. सरकारी हुकमाने लोयांगला थोड्याच जणांना श्रामणेर करून घेणार होते आणि याचं वय कमी, म्हणून नाव यादीत नव्हतं. दरवाजाशी उभ्या राहिलेल्या त्या तेरा वर्षांच्या पोराची उत्तरं ऐकून अधिकाऱ्याने त्याला घेतलं.

पुढे चीनमध्ये सत्ताबदल झाला. युद्ध आणि दुष्काळ सुरू झाला, खायची भ्रांत पडली. दोघे भाऊ दूर चेंगडूला गेले. तिथे वीस वर्षांचे असताना ह्युएनत्संग यांची उपसंपदा झाली. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. चीनमध्ये बौद्ध ग्रंथांची भाषांतरं पुष्कळ होती, पण ती एकमेकांशी जुळत नव्हती. एक आचार्य एक अर्थ सांगतो, दुसरा दुसरा. मग खरं काय? दुसरा एखादा असता तर मोठ्या आचार्याचं नाव सांगून गप्प बसला असता. ह्युएनत्संग यांनी ठरवलं की मूळ ग्रंथ जिथे आहेत तिथे जायचं, तिथली भाषा शिकायची आणि आपल्या डोळ्यांनी वाचायचं. बंधू-भगिनींनो, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा, ही तथागतांची शिकवण. हा तरुण तिला अक्षरशः जागला.

त्या वेळी देशाबाहेर जायला बंदी होती. त्यांनी बादशहाकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. तरीही इ.स. ६२९ च्या सुमारास ते गुपचूप निघाले. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. सोबत घेतलेल्या वाटाड्याने एका रात्री सुरा उपसला आणि पुढे साथ सोडून दिली. सरहद्दीच्या बुरुजावरून बाण आले. वाळवंटात एकटेच असताना पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. ते मागे वळले. थोडं अंतर गेल्यावर थांबले. भारतात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊल टाकणार नाही, हा आपला निश्चय त्यांना आठवला आणि त्यांनी घोडा पुन्हा पश्चिमेकडे वळवला. चार रात्री, पाच दिवस घशाला पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या घोड्यालाच पाण्याचा वास लागला, म्हणून दोघे वाचले.

तुर्फानच्या राजाने त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना आपल्याकडेच ठेवून घ्यायचं ठरवलं. मान होता, पैसा होता, सुख होतं. ह्युएनत्संग यांनी अन्नपाणी सोडलं, तेव्हा राजा नमला. त्याने घोडे, माणसं, सोनं आणि वाटेतल्या राजांसाठी २४ पत्रं दिली. पुढे तिएनशानच्या बर्फात सोबतचे कितीतरी लोक मेले. समरकंद, बामियान, गांधार करत ते काश्मीरला आले आणि तिथे सुमारे दोन वर्षं अभ्यास केला. बामियानच्या ज्या प्रचंड बुद्धमूर्ती त्यांनी पाहून लिहून ठेवल्या, त्या २००१ साली तोफा आणि सुरुंग लावून फोडल्या गेल्या. आज त्यांचं वर्णन करणारा जुना साक्षीदार हाच भिक्खू आहे.

भारतात काय दिसलं? श्रावस्ती ओसाड, कपिलवस्तू उजाड, कुशीनगर पडकं. ज्या भूमीसाठी जीव धोक्यात घातला तिथे विटांचे ढीग. बोधगयेला बोधिवृक्षापाशी त्यांना रडू आवरलं नाही. पण रडून ते थांबले नाहीत. कुठे किती विहार, किती भिक्खू, कोणता स्तूप कोणत्या दिशेला, किती अंतरावर, हे त्यांनी टिपून ठेवलं. त्यात ऐकीव चमत्कारही भरपूर आहेत, ते आपण आपल्या बुद्धीने बाजूला काढायचे. पण एक नोंद आपण कधीही विसरू नये. खाटीक, कोळी, मांग-भंग्यांसारखी कामं करणारे आणि फाशी देणारे यांना गावाबाहेर राहावं लागे, त्यांच्या घरांना वेगळी खूण असे आणि वस्तीत येता-जाताना त्यांना डाव्या बाजूने अंग चोरून चालावं लागे, असं त्यांनी लिहिलं आहे. आपल्या पूर्वजांवर काय लादलं गेलं होतं, त्याचा हा सातव्या शतकातला लेखी पुरावा आहे, आणि तो परदेशी माणसाने लिहिलेला आहे.

मग ते नालंदाला आले. तिथे दारावरच परीक्षा होती. द्वारपंडित प्रश्न विचारायचा. दहा जण आले तर सात-आठ परत जायचे. आत हजारो विद्यार्थी आणि रोज शंभराच्या आसपास व्याख्यानं. बौद्ध ग्रंथांबरोबर व्याकरण, तर्कशास्त्र, वैद्यक आणि वेदसुद्धा शिकवले जात. हा खर्च कोण चालवत होतं? राजाने सुमारे शंभर गावांचं उत्पन्न नालंदाला लावून दिलं होतं. त्या गावांतली घरं रोज तांदूळ, तूप, दूध पाठवत. म्हणजे शेतकऱ्याच्या घामावर ते विद्यापीठ उभं होतं. परदेशातून आलेल्या ह्युएनत्संग यांच्याकडून कुणी फी मागितली नाही. उलट महाशाली नावाचा उत्तम तांदूळ, फळं, सुपारी, तूप असा रोजचा शिधा त्यांना ठरवून दिला. यालाच आज आपण शिष्यवृत्ती म्हणतो.

नालंदाचे प्रमुख होते आचार्य शीलभद्र. बंगालकडचे, वयाने फार वृद्ध. त्यांनी या चिनी शिष्यासाठी योगाचारभूमिशास्त्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवलं. त्याला पंधरा महिने लागले. त्या वयात एवढं शिकवायला गुरूही तसाच लागतो. ह्युएनत्संग तिथे एकूण पाचेक वर्षं शिकले आणि शिकता शिकता स्वतः शिकवू लागले. चीनहून आलेला विद्यार्थी नालंदाचा आचार्य झाला.

मधल्या काळात ते दक्षिणेत कांचीपर्यंत गेले आणि तिथून वर आपल्या महाराष्ट्रात आले, इ.स. ६४१ च्या सुमारास. राजा दुसरा पुलकेशी. इथले लोक उंच, साधे, उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे, असं त्यांचं मत झालं. महाराष्ट्रात त्या वेळी शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू होते. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचं आणि दरवाजाशी असलेल्या दगडी हत्तींचं वर्णन त्यांनी केलं आहे. ते अजिंठ्याचं असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपली माणसं मोठ्या संख्येने बौद्ध होती, हे आपण सांगतो ते हवेतलं बोलणं नाही.

कनोजला हर्षवर्धनाने मोठी सभा भरवली. ह्युएनत्संग यांनी आपला सिद्धांत मांडला आणि अठरा दिवसांत कुणी तो खोडला नाही. हर्षाने इ.स. ६४१ मध्ये आपला वकील चीनच्या बादशहाकडे पाठवला होता, तिकडूनही वकील आले. दोन देशांचं येणं-जाणं असं सरकारी पातळीवर सुरू झालं. चीनच्या बादशहाने मगधात माणसं पाठवून उसापासून चांगली साखर कशी करतात ते शिकून घेतलं आणि आपल्या देशात तसं गुऱ्हाळ चालू केलं. तिकडून इकडेही ज्ञान यावं म्हणून लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात उतरवण्याचं काम त्याने ह्युएनत्संग यांच्यावरच सोपवलं. देवाणही झाली आणि घेवाणही.

परतीच्या वाटेवर सिंधू नदीत नाव उलटता उलटता वाचली, पण सुमारे पन्नास पोथ्या आणि फुलझाडांचं बियाणं वाहून गेलं. वर्षानुवर्षं नकलून काढलेली अक्षरं पाण्यात गेली. ते तिथेच थांबले आणि पुन्हा नकला करून घेण्यासाठी माणसं पाठवली. इ.स. ६४५ मध्ये चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला पोहोचले, तेव्हा २० घोड्यांवर ५२० बासनांत ६५७ ग्रंथ होते. बंदी मोडून गेलेल्या माणसाला बघायला सगळं शहर रस्त्यावर आलं. बादशहाने मोठी सरकारी नोकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि भाषांतराचं काम मागून घेतलं.

गिरणीत कापूस ब्लो-रूममध्ये फुटतो, कार्डिंगला विंचरला जातो, त्रासन खात्यात सूत होतं, साच्यावर कापड होतं आणि फोल्डिंगला तपासलं जातं. एकट्या माणसाकडून कापड होत नाही. ह्युएनत्संग यांनी भाषांतराची अशीच खाती पाडली होती. अर्थ तपासणारे बारा भिक्खू, भाषा नीट करणारे नऊ, शब्द बघणारा एक, संस्कृत ताडून बघणारा एक आणि लिहून घेणारे वेगळे. स्वतः रोजचा हिस्सा लाल शाईने खूण करून ठरवायचे. दिवसा तो पुरा झाला नाही तर रात्री बसायचे. ग्रंथ ठेवायला इ.स. ६५२ मध्ये विटांचा मनोरा उभारला गेला, तेव्हा पन्नाशीच्या या आचार्यांनी विटा-मातीच्या पाट्या स्वतः वाहिल्या. तो मनोरा दुरुस्त्या होत होत आजही शिआनमध्ये उभा आहे.

नालंदाशी त्यांचं नातं तुटलं नाही. इकडच्या भिक्खूंनी चीनला पत्रं पाठवली, सोबत पांढऱ्या सुती कापडाची जोडी भेट म्हणून. कापड विणणाऱ्याला विचारा, एवढ्या लांब पाठवलेल्या त्या जोडीत काय माया असेल. इ.स. ६५४ मध्ये ह्युएनत्संग यांनी उत्तर दिलं. शीलभद्र गेल्याची बातमी त्यांना कळली होती, तिचं दुःख त्या पत्रात आहे. आणि त्याच पत्राबरोबर सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी आहे, कुणी येणारा असेल तर यांच्या प्रती पाठवा म्हणून. दहा वर्षं झाली तरी त्या पोथ्या त्यांच्या मनातून गेल्या नव्हत्या.

एकोणीस वर्षांत ७४ ग्रंथ, १३३५ भाग झाले. शेवटचा प्रज्ञापारमितेचा ग्रंथ एकटाच ६०० भागांचा. तो पुरा करून इ.स. ६६४ मध्ये त्यांनी देह ठेवला. आणलेल्या ग्रंथांपैकी बरेचसे तसेच राहिले. एका आयुष्यात मावणारं ते काम नव्हतं.

आता आपल्या मुद्द्यावर येतो. इ.स. १२०० च्या सुमारास नालंदा जळालं, पडलं आणि पुढे लोक तिचं नावही विसरले. १८६१ च्या सुमारास कनिंगहॅम यांनी बडगाव नावाच्या खेड्याजवळचे उंचवटे हेच नालंदा, असं ओळखलं, ते ह्युएनत्संग यांचं पुस्तक हातात धरून. जे ग्रंथ भारतात नष्ट झाले, त्यांतले कितीतरी आज फक्त त्यांच्या चिनी भाषांतरात शिल्लक आहेत. वैशेषिक मताचा दशपदार्थशास्त्र हा बौद्ध नसलेला ग्रंथसुद्धा त्यांच्यामुळेच राहिला. आपण जे दिलं होतं तेच आपल्याला परत मिळालं. दिलं नसतं तर सगळंच गेलं असतं.

हा धागा पुढच्या काळातही जोडला गेला. १९३७ साली शांतिनिकेतनात चीना भवन निघालं. १९५१ साली भिक्खू जगदीश काश्यप यांनी नव नालंदा महाविहार सुरू केला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याला तीन महिने होताहेत तोच, जानेवारी १९५७ मध्ये चीनने ह्युएनत्संग यांच्या अस्थी आणि स्मारकासाठी पैसा भारताला दिला. नालंदाला तो पंडित नेहरूंच्या हाती सोपवला गेला. ते स्मारक २००७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. २०१४ पासून नवीन नालंदा विद्यापीठात वर्ग भरू लागले. १९६२ चं युद्ध आणि सरहद्दीवरची भांडणं यांच्याही पलीकडे हा धागा तुटलेला नाही.

आपल्या विहारात बुद्धमूर्तीशेजारी पुस्तकांचं कपाट असावं, असं मला वाटतं ते यासाठीच. आई-वडिलांना एवढंच सांगणं आहे. पोरगं परगावी, परदेशी शिकायला जातो म्हणालं तर खर्चाच्या भीतीने त्याचं पाऊल मागे ओढू नका. वस्तीने मिळून शिधा बांधून द्या, नालंदाच्या गावांनी दिला तसा. आणि पोरांनो, शिकून आल्यावर पोथी एकट्याच्या पेटीत ठेवू नका. खालच्या वर्गातल्या मुलाला ती वाचून दाखवा. ह्युएनत्संग यांचं ऋण असं फिटेल.

नमो बुद्धाय! जय भीम!