डॉक्टर जोसेफ प्रॅट आणि त्यांचा क्षयरोग्यांचा वर्ग

दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास दोन व्याधी सोसाव्या लागतात. एक शरीराची आणि दुसरी एकटेपणाची. पहिलीचा विचार वैद्य करतात. दुसरीची दखल फारसे कोणी घेत नसे. ज्या डॉक्टरांच्या हातून या दुसऱ्या व्याधीवरचा उपाय पुढे आला, त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो.

जोसेफ हर्सी प्रॅट यांचा जन्म 1872 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात मिडलबरो या गावी झाला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यालयात वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते बोस्टन शहरी परतले व तेथील मोठ्या रुग्णालयात काम करू लागले.

त्या काळी क्षयरोग हा घरोघरचा काळ होता. रोगाचे जंतू 1882 साली कॉक यांनी शोधून काढले होते. परंतु त्यांस मारणारे औषध कोणापाशी नव्हते. पूर्ण विश्रांती, मोकळी हवा व पौष्टिक अन्न एवढाच काय तो उपचार. श्रीमंत रोगी डोंगरावरील आरोग्यधामात जाऊन राहात. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याने कोठे जावे? तो कोंदट खोलीत खोकत पडे आणि घरातील मुलाबाळांसही तोच रोग देऊन जाई.

प्रॅट यांस वाटले, गरिबास आरोग्यधामात नेता येत नसेल, तर आरोग्यधामाची शिस्तच त्याच्या घरी न्यावी. या कामास पैसा पाहिजे होता. तो बोस्टनमधील इमॅन्युएल चर्चचे पाळक एलवुड वूस्टर यांच्या साहाय्याने त्या मंडळीकडून मिळाला, आणि 1905 सालच्या जुलै महिन्यात क्षयरोग्यांचा पहिला वर्ग सुरू झाला.

वर्गाचे नियम कडक होते. सभासद पंचवीसांहून अधिक घ्यावयाचे नाहीत. प्रत्येकाने काम सोडून विश्रांती घ्यावी, दिवस उघड्या हवेत काढावा, आणि रात्री गच्चीवर, सज्जात किंवा तंबूत निजावे. बोस्टनचा हिवाळा बर्फाचा. तरी नियम तोच. रोजचा ताप, खाणेपिणे व विश्रांतीचे तास प्रत्येकाने आपल्या वहीत टिपून ठेवावयाचे. एक बाई घरोघर जाऊन विचारपूस करी व अडचण दिसल्यास मार्ग काढी. जो नियम पाळीना, त्यास वर्गात जागा नसे. ही अट कठोर खरी, आणि तिच्यामुळे काही गरजू बाहेर राहिले असतील, हेही आम्ही नाकारीत नाही.

आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जमावयाचे. तेथे वजन व नाडी पाहात, वह्या तपासीत, आणि सर्वांचे मिळून किती वजन वाढले तो आकडा फळ्यावर लिहीत. प्रॅट यांनी ही बैठक प्रथम योजिली ती सोयीसाठी. एकच गोष्ट वीस जणांस निरनिराळी सांगण्यापेक्षा एकदाच सांगावी, एवढाच हिशेब. पण बैठकीत त्यांच्या दृष्टीस निराळेच काही पडू लागले. एखादा रोगी सुधारू लागला की त्यास पाहून इतरांस आशा येई. निरनिराळ्या वंशांची व पंथांची माणसे शेजारी बसत, कारण दुखणे सर्वांचे एक होते. डॉक्टरांचा उपदेश जो मनुष्य कानाआड करी, तोच आपल्यासारख्या दुसऱ्या रोग्याचे म्हणणे मन लावून ऐके. सोयीसाठी केलेली गोष्ट स्वतःच उपचार होऊन बसली.

तिचे पुरते मोल प्रॅट यांस हळूहळू कळले. 1930 साली त्यांनी बोस्टन डिस्पेन्सरी या जुन्या दवाखान्यात दुसरा वर्ग काढला. तेथे येणाऱ्या पुष्कळांस पोटदुखी, धडधड, निद्रानाश असे त्रास होत; पण तपासून पाहता शरीरात दोष सापडत नसे. अशांस इतरत्र काही झालेले नाही म्हणून घरी पाठवीत. प्रॅट यांनी त्यांस खोटे ठरविले नाही. चिंता व भय यांनीही शरीर दुखते, हे त्यांस समजावून दिले, अंग सैल सोडून स्वस्थ बसण्यास शिकविले, आणि जे बरे झाले त्यांस नव्यांपुढे आपला अनुभव सांगावयास लाविले.

1956 साली, वयाच्या 83व्या वर्षी, प्रॅट निवर्तले. तोवर स्ट्रेप्टोमायसिन व इतर औषधे निघाली होती. आज क्षयरोग औषधांनीच बरा होतो. ती नेमाने व पुरी घेतली पाहिजेत, नुसती हवा व विश्रांती पुरत नाही. प्रॅट यांच्या उपचाराचा तो भाग मागे पडला. परंतु रोग्यांस एकत्र बसविण्याची त्यांची रीत मागे पडली नाही. तिलाच आज समूहोपचार म्हणतात, आणि तिचा इतिहास सांगताना बहुधा 1905 सालच्या त्या वर्गापासून आरंभ करतात.

वाचकहो, आजाऱ्याच्या भेटीस आपण जातोच, व ते योग्यच आहे. पण निरोगी मनुष्याचे सांत्वन एका मर्यादेपर्यंतच पोहोचते. त्याच दुखण्यातून जो पार पडला आहे, त्यास सोबत घेऊन गेलो, तर रोग्यास जे आपणांस देता येत नाही तेही मिळते. प्रॅट यांच्या चरित्रावरून आम्ही एवढे शिकलो.