कोकणातल्या ज्यूंचा इतिहास लिहिला, पण पुस्तक छापायला ४० वर्षं लागली

अलिबागला गेलं की किहीमचा बीच ठरलेलाच. याच किहीमचं नाव आडनावात लावणारे एक गृहस्थ होते, हाईम सॅम्युएल केहीमकर.

ते बेने इस्रायली, म्हणजे रायगड किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे ज्यू. नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी या समाजाची आख्यायिका. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे.

पण हे सगळं तोंडी चालत आलेलं. माणसं मुंबईला जात होती, गावं सुटत होती. मग आपण कोण, हे मुलांना सांगणार कोण?

केहीमकरांनी आधी शाळा मनावर घेतली. १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. नंतर समाजाच्या चालीरीती आणि आठवणी गोळा करून त्यांनी १८९७ मध्ये इंग्रजीत इतिहास लिहून पूर्ण केला.

पुस्तक निघालं थेट १९३७ मध्ये, तेही तेल अवीवमध्ये. ते बघायला केहीमकर नव्हते. पुढे समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथल्या नातवंडांना आपलं गाव शोधायचं झालं, तर हे पुस्तक हाताशी आहे.