प्रथिनांचा नकाशा रेखाटणारा शास्त्रज्ञ

प्रथिने म्हटली, की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे डाळी, दूध, अंडी असे पदार्थ येतात. परंतु पोटात गेलेल्या या प्रथिनांचे पचन होऊन त्यांचे घटक सुटे झाले, की त्याच घटकांपासून शरीरातील पेशी आपापल्या गरजेची निराळी प्रथिने घडवीत असतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, साखरेचे नियमन करणारे इन्शुलिन, रोगजंतूंचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे, पचनापासून श्वसनापर्यंतच्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरे ही सारी प्रथिनेच होत. वीस प्रकारची अमिनो आम्ले माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक गुंफली जातात आणि ही माळ विशिष्ट रीतीने दुमडली, की तिला तिचे कार्य प्राप्त होते. आकार बिघडला, की कार्यही बिघडते. मग ही माळ कोणकोणत्या रीतीने वळू शकते आणि कोणत्या रीतीने कधीच वळू शकत नाही? या मूलभूत प्रश्नाचे उत्तर १९६३ साली जगाला मिळाले, ते मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून. ते शोधणाऱ्या गटाचे प्रमुख होते गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळातील एर्नाकुलम येथे झाला. वडील तेथील महाराजा महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यामुळे गणिताची गोडी घरातच लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन १९४२ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले, ते विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी. परंतु तेथे भौतिकशास्त्र विभागाची धुरा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे होती. या तरुणाची बुद्धी रामन यांनी अचूक हेरली आणि त्याला आपल्या विभागात ओढून घेतले. देश एका अभियंत्याला मुकला. परंतु त्याच्या बदल्यात त्याला जे मिळाले, त्याची कल्पना त्या वेळी खुद्द रामन यांनाही नसावी.

रामन यांच्या हाताखाली रामचंद्रन यांनी स्फटिकांचे प्रकाशीय गुणधर्म आणि हिऱ्याची अंतर्रचना यांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये मद्रास विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवून ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. स्फटिकातून विखुरणाऱ्या क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या स्फटिकाची स्थितिस्थापकता कशी मोजता येईल, हा त्यांच्या तेथील संशोधनाचा विषय होता. त्या काळी कॅव्हेंडिशमध्ये मॅक्स पेरुट्झ आणि जॉन केंड्र्यू हे प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्यांची रचना उलगडण्याच्या खटपटीत होते. अमेरिकेचे लायनस पॉलिंग यांचे विचारही रामचंद्रन यांना याच काळात जवळून ऐकता आले. १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण करून ते बंगळूरला परतले.

१९५२ मध्ये मद्रास विद्यापीठाने भौतिकशास्त्राचा नवा विभाग उभारण्याचे ठरविले. कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी त्यासाठी रामन यांना विचारले आणि रामन यांनी आपल्या शिष्याचे नाव सुचविले. वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी रामचंद्रन विभागप्रमुख झाले. नव्या विभागाने कोणत्या विषयात हात घालावा, हे ठरायचे असतानाच ब्रिटनचे ख्यातनाम स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. कोलॅजेन या प्रथिनाच्या रचनेचे कोडे अद्याप कोणालाच नीट सुटलेले नाही, हे त्यांनी बोलता बोलता सांगितले. रामचंद्रन यांनी हा विषय तेथेच मनाशी पक्का केला.

कोलॅजेन हे आपल्या शरीरातील सर्वांत विपुल प्रथिन होय. त्वचा, हाडे, कूर्चा, स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे या सर्वांची बळकटी त्याच्यामुळेच असते. कातडे कमावण्याच्या उद्योगाचा तर हा पायाच. सुदैवाने केंद्रीय चर्मसंशोधन संस्था मद्रासमध्येच होती. तेथून कोलॅजेनचे नमुने मिळाले. त्यांतही कांगारूच्या शेपटीतील कंडऱ्याच्या तंतूंपासून क्ष-किरणांची उत्तम छायाचित्रे मिळू शकली. रामचंद्रन आणि त्यांचे तरुण सहकारी गोपीनाथ कार्था या छायाचित्रांवरील ठिपक्यांचा अर्थ लावू लागले.

त्यांच्याजवळ दुसरा एक दुवा होता तो रासायनिक विश्लेषणाचा. कोलॅजेनमधील अमिनो आम्लांपैकी जवळजवळ एकतृतीयांश ग्लायसीन असते. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याच्या बाजूला हायड्रोजनच्या एका अणूखेरीज काहीच नसते. दर तिसरा मणी हा सर्वांत लहान मणी का असावा? रामचंद्रन यांनी उत्तर शोधले ते असे, की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या शेजारी शेजारी असून त्यांच्या मधोमध अतिशय अपुरी जागा असते. त्या अडचणीच्या जागेत केवळ ग्लायसीनच मावू शकते. १९५४ च्या ऑगस्टमध्ये नेचर या नियतकालिकात ही तिहेरी रचना प्रसिद्ध झाली. पुढील वर्षी त्यांनी तिच्यात महत्त्वाची सुधारणा केली. प्रत्येक साखळी स्वतःभोवती तर पीळ घेतेच. शिवाय तिन्ही साखळ्या एकमेकींभोवतीही वळलेल्या असतात. सुंभाचा तिपेडी दोर वळावा तशी ही रचना. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना स्वतःभोवतीही अशा गतीने फिरतो, की त्याची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे राहते. त्याचप्रमाणे या दुहेरी वळणामुळे प्रत्येक साखळीतील ग्लायसीनची बाजू सतत आतल्या अक्षाकडेच राहते. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा शोध लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती. अशा वेळी साध्या साधनसामग्रीच्या एका नव्या विभागाने तिहेरी सर्पिल जगापुढे मांडले, ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु आनंद फार काळ टिकला नाही. डीएनएच्या शोधाने कीर्तिशिखरावर पोहोचलेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी १९५५ च्या अखेरीस कोलॅजेनची आपली रचना प्रसिद्ध केली. तीन साखळ्यांचा पिळलेला दोर ही मूळ कल्पना तीच होती. फरक होता तो साखळ्यांना परस्परांशी जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांच्या संख्येत. मद्रासच्या रचनेत दर तीन अमिनो आम्लांमागे दोन बंध होते, तर क्रिक आणि रिच यांच्या रचनेत एकच. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत, की प्रत्यक्षात ते तसे राहणे अशक्य आहे, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पाश्चात्त्य शास्त्रजगतात क्रिक यांच्या शब्दाला मोठे वजन होते. पुढील अनेक वर्षे कोलॅजेनच्या रचनेचा उल्लेख होताना श्रेयाचे माप बहुधा केंब्रिज आणि लंडनच्याच पदरात पडत गेले.

अशा प्रसंगी एखादा संशोधक कडवट झाला असता, वा निमूटपणे दुसऱ्या विषयाकडे वळला असता. रामचंद्रन यांनी आक्षेपाच्या मुळाशी जायचे ठरविले. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचे नियम कोणी घालून दिले आहेत? ते नियम खरोखर किती कडक आहेत? अमिनो आम्लांच्या आणि लहान पेप्टाइडांच्या ज्या स्फटिकरचना तोवर प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यांतील अणूंमधील अंतरे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीरपणे गोळा केली. प्रत्येक अणुजोडीसाठी त्यांनी दोन मर्यादा ठरविल्या : एक नेहमी आढळणारी आणि दुसरी क्वचित आढळणारी, टोकाची.

त्यानंतरचे पाऊल निर्णायक ठरले. प्रथिनाच्या साखळीतील पेप्टाइड बंधाचा भाग सपाट आणि ताठ असतो, हे पॉलिंग यांनी दाखवून दिले होते. म्हणजे संपूर्ण साखळी ही जणू बिजागरीने जोडलेल्या ताठ पट्ट्यांची मालिका. प्रत्येक सांध्यापाशी केवळ दोनच बंधांभोवती फिरण्याची मुभा असते. या दोन कोनांना फाय आणि साय अशी ग्रीक अक्षरांची नावे आहेत. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी या दोन कोनांच्या निरनिराळ्या जोड्या घेऊन प्रत्येक वेळी कोणते अणू एकमेकांवर आदळतात, याची आकडेमोड केली. ही सारी आकडेमोड टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर चालत असे. उत्तरे एका चौकोनी आलेखावर मांडली, तेव्हा चित्र लख्ख झाले. आलेखाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग निषिद्ध ठरला. उरलेल्या मोजक्या बेटांमध्येच साखळीला वावरता येत होते आणि पॉलिंग यांचे अल्फा सर्पिल, बीटा पट्ट, तसेच कोलॅजेनची साखळी ही सारी याच बेटांवर विराजमान होती. ग्लायसीनला मात्र त्याच्या लहान चणीमुळे इतरांहून बरेच अधिक स्वातंत्र्य होते.

१९६३ मध्ये जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजीमध्ये हा आलेख एका छोट्या लेखातून प्रसिद्ध झाला आणि पुढे रामचंद्रन आलेख या नावाने जगभर रूढ झाला. मायोग्लोबिन, लायसोझाइम अशा प्रथिनांच्या रचना एकामागून एक उलगडत गेल्या, तसतसे त्यांचे कोन याच बेटांवर येऊन बसू लागले. कोलॅजेनवरील आक्षेपाला उत्तर देण्यासाठी सुरू झालेल्या खटाटोपातून साऱ्या प्रथिनसृष्टीला लागू पडणारा नियम हाती आला होता.

खुद्द कोलॅजेनच्या वादाचे काय झाले? एका थेट हायड्रोजन बंधाबाबत क्रिक आणि रिच यांची बाजू योग्य ठरली. परंतु दुसरा बंध पाण्याच्या रेणूमार्फत जुळू शकतो, असे रामचंद्रन यांच्या गटाने १९६८ मध्ये मांडले. कोलॅजेनसारख्या पेप्टाइडाची स्फटिकरचना १९९४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बारकाव्यांसह पाहिली, तेव्हा तिपेडी पीळ तर दिसलाच. शिवाय साखळ्यांना जोडणारे पाण्याच्या रेणूंचे जाळेही दिसले. वैद्यकालाही या रचनेचा अर्थ उमगत गेला. साखळीतील एखाद्या ग्लायसीनच्या जागी मोठे अमिनो आम्ल आले, तर दोराचा पीळ बिघडतो आणि काचेसारखी ठिसूळ हाडे होण्याचा आनुवंशिक विकार जडू शकतो. क जीवनसत्त्वाअभावी कोलॅजेनमधील प्रोलीनवर आवश्यक तो रासायनिक संस्कार होत नाही. पीळ सैल राहतो आणि स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येऊ लागते.

१९७० मध्ये रामचंद्रन यांनी मद्रास सोडले आणि बंगळूरच्या आपल्या जुन्या संस्थेत रेण्वीय जैवभौतिकी विभागाची स्थापना केली. भारतातील प्रथिन-स्फटिकशास्त्राची पुढील पिढी याच विभागात घडली. याच सुमारास ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी आणखी एक मोलाचे काम केले. निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण छायांवरून वस्तूची अंतर्रचना गणिताने झटपट कशी उभी करावी, याची पद्धती त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. सीटी स्कॅनच्या तंत्रात ही पद्धती पायाभूत ठरली आणि तिच्यातील गणिती गाळणीला आजही या दोघांच्या नावांवरून रॅम-लॅक म्हणतात. इस्पितळात सीटी स्कॅनच्या रांगेत बसलेल्या रुग्णाला मद्रासच्या या प्राध्यापकाचे नाव बहुधा ठाऊक नसते.

१९६१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे एवाल्ड पारितोषिक असे सन्मान त्यांच्या वाट्याला आले. नोबेलने मात्र हुलकावणी दिली. उत्तरायुष्यात ते तर्कशास्त्र आणि भारतीय तत्त्वज्ञानाकडे वळले. जैनांच्या स्याद्‌वादाची गणिती मांडणी करण्याचा प्रयत्न त्यांनी केला. प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. पार्किन्सनच्या विकाराने शरीर थकले होते. पत्नी राजलक्ष्मी यांनी पाच दशकांहून अधिक काळ त्यांची सर्वतोपरी काळजी वाहिली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि रामचंद्रन एकाकी पडले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे देहावसान झाले.

आज जागतिक प्रथिन-माहितीकोशात दोन लाखांहून अधिक रचना जमा झाल्या आहेत. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार वर्तविणाऱ्या संगणक-प्रणालीबद्दल २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही दिले गेले. तरीही प्रयोगशाळेत उलगडलेली नवी रचना विश्वासार्ह आहे की नाही, हे पडताळताना संशोधक पहिल्यांदा जे पाहतात, त्यांत १९६३ चा तो चौकोनी आलेख असतोच. रचनेतील कोन निषिद्ध प्रदेशात फार पडले, तर चूक आपल्याच मांडणीत आहे, असे समजून ते पुन्हा कामाला लागतात. आपल्या रचनेत चूक दाखविली गेली, तेव्हा ती तपासण्यासाठी रामचंद्रन यांनी जो मापदंड घडविला, त्याच मापदंडाने आता सारे जग आपल्या चुका तपासत आहे.